गाडीचा हॉर्न बदलताय? आधी करंट कुठून येतो ते बघा

बाजारातला दमदार हॉर्न बसवल्याने गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होतं का? हॉर्न कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा तो जोडलाय कसा, यावर याचं उत्तर ठरतं. जास्तीचा करंट गाडीच्या मूळ तारेतून, मूळ फ्यूजमधून आणि मूळ कंट्रोल युनिटमधून ओढला तर आज ना उद्या काहीतरी जळणार. तोच करंट बॅटरीवरून वेगळ्या फ्यूज आणि रिलेमार्गे (रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दिला आणि मूळ तारांकडून फक्त ‘आता वाज’ एवढाच इशारा घेतला, तर कंट्रोल युनिटवरचा भार उलट कमी होतो.

खालची माहिती १२ व्होल्टच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक गाडीतही हॉर्न वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो, त्यामुळे पद्धत तीच. मात्र बॉनेटखाली नारिंगी आवरणाच्या जाड केबल दिसतील, त्यांच्या आसपास हात घालायचा नाही.

हॉर्नच्या पोटात काय चालतं

कंपनीचा चपटा डिस्क हॉर्न असो की शंखाच्या आकाराचा विंडटोन, आत एक कॉइल, एक पातळ पोलादी पडदा आणि एक कॉन्टॅक्ट पॉइंट असतो. करंट मिळाला की कॉइल पडद्याला ओढते. पडदा ओढला गेला की कॉन्टॅक्ट सुटतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो आणि कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला ४०० ते ५०० वेळा होतं. म्हणजे हॉर्न दाबलेला असताना आत सेकंदाला चार-पाचशे वेळा स्विच चालू-बंद होत असतो, आणि कॉइलमधला करंट तुटला की दर वेळी उलट व्होल्टेजचा एक टोकदार झटका तयार होतो. चांगल्या हॉर्नमध्ये हा झटका दाबायला कॉन्टॅक्टच्या जोडीने रेझिस्टर किंवा कंडेन्सर (वीज साठवून झटका शोषणारा भाग) असतो. स्वस्त हॉर्नमध्ये नेमकी तिथेच काटकसर झालेली असते.

एक गंमत मल्टिमीटर लावल्यावर कळते. हॉर्नच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर जेमतेम एक-दीड ओहम दिसतो. १२ व्होल्टला त्याने भागलं तर ८ ते १२ अँपिअर येतात, पण वाजणारा हॉर्न प्रत्यक्षात ४-५ अँपिअरच घेतो, कारण निम्मा वेळ कॉन्टॅक्ट उघडा असतो. याचाच दुसरा अर्थ असा की कॉन्टॅक्ट गंजून किंवा जळून चिकटला, तर हॉर्न वाजत तर नाहीच, वर दुपटीहून जास्त करंट सलग ओढत राहतो. ‘हॉर्न वाजत नाही आणि फ्यूज मात्र उडतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

हॉर्नच्या पाठीवर लाख किंवा रंग लावून बंद केलेला छोटा स्क्रू असतो, तो याच कॉन्टॅक्टच्या जागेचा. आवाज वाढवायला म्हणून तो पिळत बसणारे बरेच आहेत. पाव फेरा इकडेतिकडे झाला तरी कॉन्टॅक्ट सुटायचाच बंद होऊ शकतो. त्याला हात लावू नका.

आपल्या गाडीतलं सर्किट कोणत्या जातीचं

साधारण तीन प्रकार भेटतात. जुन्या आणि अगदी साध्या गाड्यांत हॉर्नला एका बाजूने कायम १२ व्होल्ट मिळतात आणि स्टिअरिंगवरचं बटण दुसऱ्या बाजूला अर्थ (गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीचा निगेटिव्ह) देतं, मध्ये रिले नाही. इथे हॉर्नचा पूर्ण करंट स्टिअरिंगमधल्या बटणाच्या कॉन्टॅक्टमधून जातो. मोठे हॉर्न थेट लावले की पहिलं बटण काळं पडतं. दुसऱ्या प्रकारात फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा वेगळा, उपटून काढता येणारा रिले असतो. स्टिअरिंगचं बटण फक्त त्या रिलेची कॉइल चालवतं. तिसरा प्रकार हल्लीच्या गाड्यांचा: बटणाचा इशारा बीसीएमकडे, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे जातो आणि बीसीएम आपल्या बोर्डावर सोल्डर केलेल्या रिलेमधून किंवा ट्रान्झिस्टरमधून हॉर्नला करंट देतं. खरी जपायची जागा ही. हा रिले किंवा ट्रान्झिस्टर गेला तर दुकानातून सुटा भाग आणून बदलता येत नाही. सेंट्रल लॉकिंग, इंडिकेटर, वायपर सांभाळणारं अख्खं मॉड्यूल बदलायला सांगतात, आणि ते पुन्हा गाडीच्या चावीशी जुळवून प्रोग्रॅम करावं लागतं.

आपला प्रकार ओळखायला स्टिअरिंग उघडायची अजिबात गरज नाही. स्टिअरिंगवरच्या झाकणाच्या आत एअरबॅग असते. तिथल्या पिवळ्या कपलरला (तारा जोडणाऱ्या प्लगला) हात लावायचं काम या सगळ्या कामात कुठेच येत नाही. कोणी वायरमन ‘स्टिअरिंग खोलावं लागेल’ म्हणाला तर गाडी घेऊन परत या.

मूळ हॉर्नचं कपलर काढा. पार्किंग लाइटचा ५ वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन तारा जोडा, हा आपला टेस्ट लॅम्प. मल्टिमीटरपेक्षा इथे बल्ब जास्त खरं बोलतो, कारण काही बीसीएम हॉर्न जोडलाय का हे तपासायला बारीकसा करंट सोडून ठेवतात. मीटरवर त्यामुळे दोन-चार व्होल्टचं भूत दिसतं, बल्ब त्याला भीक घालत नाही. बल्बची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कपलरच्या एकेका पिनला लावून बघा. बटण न दाबता एखाद्या पिनवर बल्ब पेटला तर पहिला प्रकार. बटण दाबल्यावरच पेटला तर दुसरा किंवा तिसरा. या दोघांतला फरक फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता सांगतो: हॉर्नचा वेगळा रिले दाखवला असेल तर दुसरा, फक्त फ्यूज दाखवला असेल तर तिसरा समजून चाला. कपलरमध्ये एकच पिन असेल तर हॉर्न आपल्या ब्रॅकेटमधून बॉडी अर्थ घेतो आहे.

कुठला हॉर्न घ्यायचा

रूट्स, मिंडा, बॉश, हेला यांचे कारसाठीचे विंडटोन जोडीने मिळतात. जोडीतल्या एकावर एल आणि दुसऱ्यावर एच लिहिलेलं असतं: एक साधारण ४०० हर्ट्झचा, दुसरा ५००चा. दोन्ही एकत्र वाजले तरच तो भरदार आवाज येतो. दोन्ही एल किंवा दोन्ही एच गळ्यात मारले जाणं नेहमीचं आहे, तेव्हा खोक्यातून काढून अक्षर बघून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या बेस व्हेरिएंटला कंपनीकडून एकच हॉर्न येतो, आणि ‘आवाज मोठा हवा’ या मागणीतली निम्मी गरज खरं तर ‘दुसरा सूर हवा’ ही असते.

लेबलवर दोन आकडे बघायचे, व्होल्ट आणि अँपिअर किंवा वॅट. १२ व्होल्टचा, ५ अँपिअरच्या आसपासचा हॉर्न, म्हणजे ६० वॅट, जोडीला १० अँपिअर, इथवर ठीक. चुकून ट्रकचा २४ व्होल्टचा हॉर्न आणलात तर तो कारवर मरतुकडा वाजेल. छोट्या कॉम्प्रेसरवर चालणारे लाल प्लॅस्टिक कर्ण्यांचे एअर हॉर्न १५ ते २० अँपिअर खातात. ते थेट मूळ कपलरला लावणं म्हणजे बीसीएमवर दरोडा.

कायद्याचं बोलायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ सुरांची मालिका वाजवणारे हॉर्न आणि कर्कश, दचकवणारा आवाज करणारी उपकरणं सरळ बाद करतो. इलेक्ट्रिक हॉर्न आयएस १८८४ या मानकाचा हवा. म्हणून म्युझिकल आणि प्रेशर हॉर्नचा विषय इथेच संपतो. विनाकारण, सतत हॉर्न वाजवल्यास किंवा ‘हॉर्न वाजवू नये’ पाटीच्या भागात वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफखाली पहिल्यांदा १००० रुपये आणि पुढे दर वेळी २००० रुपये दंड आहे. हॉर्न नवा आणि नियमातला आहे, ही सबब तिथे चालत नाही.

नुकसान नेमकं कसं होतं

सर्वांत जास्त होणारी चूक अशी. मूळ हॉर्नच्या कपलरलाच दोन विंडटोन जोडले जातात. दोन दिवस छान वाजतात, मग १० अँपिअरचा फ्यूज उडतो. मग कोणीतरी त्या जागी २० चा फ्यूज खोचतो आणि ‘झालं काम’ म्हणतो. फ्यूज हॉर्नच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. मूळ तार पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटरची असते. कुठे शॉर्ट झाला तर २० चा फ्यूज शांत राहतो आणि तार तापून शेजारच्या तारांसकट अख्खा हार्नेस (तारांचा जुडगा) वितळवते. फ्यूज वारंवार उडत असेल तर तो खरं सांगतोय. त्याचं तोंड बंद करू नका.

बीसीएमच्या ट्रान्झिस्टरला स्वतःचं संरक्षण असतं. करंट मर्यादेबाहेर गेला की तो आउटपुट बंद करतो. काही गाड्यांत तो इग्निशन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत बंदच राहतो. नवीन हॉर्न दोनदा वाजून गप्प झाला आणि गाडी बंद-चालू केल्यावर पुन्हा वाजला, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. बीसीएम तुम्हाला सावध करतंय. हे संरक्षण रोज वापरायची गोष्ट नव्हे. दर वेळी चिप तापते, आणि एक दिवस ती कायमची जाते.

दुसरा धोका चुकीच्या जागेहून सप्लाय घेण्याचा. फ्यूज बॉक्समधल्या जवळच्या एखाद्या फ्यूजच्या पायात तार गुंडाळून हॉर्नला जोडणं सोपं असतं, पण त्याच वाटेवर इंजिनचं कंट्रोल युनिट किंवा एबीएस बसलेलं असू शकतं. हॉर्न दाबला की त्या वाटेचं व्होल्टेज खचकन खाली येतं, आणि आतल्या कॉन्टॅक्टचा सेकंदाला चार-पाचशे ठिणग्यांचा गोंधळ शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. बॅटरी हे सगळं गिळू शकते, कारण ती आकाराने प्रचंड कंडेन्सरसारखी वागते. हॉर्नचा सप्लाय थेट बॅटरीवरूनच घ्यायचा तो यासाठी.

लागणारं सामान

१२ व्होल्ट, ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले, सोबत त्याचा सॉकेट. रिलेच्या आत कॉइलला समांतर रेझिस्टर असलेला मिळाला तर उत्तम. पाठीवर छापलेल्या आकृतीत कॉइलच्या चौकोनाशेजारी दुसरा लहान चौकोन दिसतो, तो रेझिस्टर. त्याला उलटसुलट नसतं. डायोडवाला रिलेही चालतो, पण त्यात कॉइलच्या ८६ नंबरच्या पिनला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच यायला हवा. उलटं झालं की डायोड सरळ शॉर्ट होतो आणि बटण दाबताक्षणी मूळ हॉर्नचा फ्यूज जातो. साधाच रिले हातात असेल तर १एन४००७ हा डायोड सॉकेटच्या मागे ८५ आणि ८६ मध्ये जोडा, पट्टा असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. हा खटाटोप का? रिलेची कॉइलही शेवटी कॉइलच. ती बंद होताना शेकडो व्होल्टचा क्षणिक झटका मारू शकते आणि तो झटका थेट बीसीएमच्या पिनवर जातो.

तार: बॅटरी ते रिले आणि रिले ते फाट्यापर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, तिथून प्रत्येक हॉर्नला दीड, इशाऱ्याच्या तारा पाऊणच्या. अर्थची तारही २.५ चीच घ्या; ही बारीक ठेवायची खोड जवळपास सगळ्यांना असते. हिशेब सोपा आहे. ०.७५ च्या तारेतून १० अँपिअर ३ मीटर नेले तर सुमारे ०.७ व्होल्ट तारेतच जिरतात, २.५ च्या तारेत जेमतेम ०.२.

तयार रिले हार्नेस ऑनलाइन भरपूर मिळतात. विकत घेतलात तर बसवण्याआधी तारेचं टोक सोलून एक तंतू ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरट निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याची करंट वाहण्याची ताकद कमी, आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट खाऱ्या हवेत क्रिंपच्या (तारेवर दाबून बसवलेल्या टर्मिनलच्या) जागी ते पांढरी भुकटी होऊन जातं. असा हार्नेस परत करा. बाहेरून जाड दिसणाऱ्या तारेत आवरणच जाड असतं, हा दुसरा डाव.

बाकी सामान: झाकणाचा वॉटरप्रूफ ब्लेड फ्यूज होल्डर, १५ अँपिअरचा फ्यूज आणि एक जादा, ६.३ मिलिमीटरचे स्पेड टर्मिनल त्यांच्या आवरणांसकट, बोल्टच्या मापाचे रिंग थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह, नागमोडी प्लॅस्टिक नळी आणि टाय. नळी शोभेसाठी नाही. पार्किंगमध्ये रात्रीच्या मुक्कामाला येणारे उंदीर नवीन तार आधी चाखतात.

बसवायचं कसं

गाडी थंड असू द्या. घड्याळ, काचांचं ऑटो सेटिंग आणि काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोड बॅटरी काढल्यावर जातो, तेव्हा कोड आधी लिहून ठेवा. किल्ली आणि मागच्या डिकीचा विचार करा: डिकी फक्त इलेक्ट्रिक बटणाने उघडत असेल तर किल्ली आत ठेवून बंद करू नका. मग १० च्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि पाचेक मिनिटं थांबा.

जागा शोधताना घाई नको; पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात. विंडटोन डिस्कपेक्षा जाड असतो, त्यामुळे ग्रिल आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये तो बसतो का ते आधी हाताने धरून, बॉनेट हळू बंद करून बघा. काही गाड्यांत बंपर सैल करावाच लागतो. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर कधीकधी एअरबॅगचा पुढचा क्रॅश सेन्सर बोल्टने कसलेला असतो. तो बोल्ट सोडून त्याच जागी हॉर्नचं ब्रॅकेट कसू नका. सेन्सरची बसण्याची पकड हाच त्याच्या कामाचा भाग आहे. बॉनेटच्या कुलपाच्या बोल्टलाही हात लावू नका. ज्या गाड्यांत ग्रिल किंवा बंपरमध्ये रडार आहे, तिथे हॉर्न त्याच्यासमोर येता कामा नये.

ब्रॅकेट हॉर्नसोबत आलेलंच वापरा. पोलादी पट्ट्यांचं ते लवचीक ब्रॅकेट हॉर्नला थरथरू देतं; जाड अँगलवर घट्ट आवळला की आवाज निम्मा होतो. बोल्ट साधारण १२ किंवा १३ च्या पान्याचा असतो. हॉर्नचं अंग कुठेही पत्र्याला, पाइपला किंवा ग्रिलला टेकता कामा नये, सभोवती बोटभर फट हवी. आणि शंखाचं तोंड पुढे व किंचित खाली. वर तोंड करून बसवलेला विंडटोन पहिल्याच पावसात पेल्यासारखा भरतो आणि बेडकासारखा बोलायला लागतो.

आता वायरिंग. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली २.५ ची तार १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डरमध्ये जायला हवी, कारण फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. फ्यूज आत्ता बसवू नका. होल्डरमधून तार रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून निघालेली तार पुढे जाऊन दोन्ही हॉर्नच्या एकेका टर्मिनलला. हॉर्नची उरलेली दोन टर्मिनलं एकत्र करून अर्थला. हॉर्नसोबत पाच पिनांचा रिले येत असेल तर त्यातला ८७ ए मोकळा ठेवा. तो चुकून वापरला तर बॅटरी जोडताच हॉर्न सुरू होतो आणि बटण दाबल्यावर बंद पडतो.

इशारा मूळ कपलरमधून घ्यायचा. कपलर कापू नका. त्याच्या पिनांत बसणारे स्पेड टर्मिनल लावलेल्या दोन पाऊणच्या तारा त्यात घाला आणि त्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला न्या. दोन पिनांचं कपलर असेल तर सर्किट कुठल्याही प्रकारचं असलं तरी ही जोडणी चालते, फक्त डायोडवाल्या रिलेला दिशा सांभाळा. एक पिन असेल तर ती ८६ ला आणि ८५ बॉडी अर्थला. पहिल्या प्रकारच्या सर्किटमध्ये ८५ चुकूनही बॉडीला जोडू नका, हॉर्न थांबणारच नाही. गाडीला मुळात दोन हॉर्न असतील तर दोन कपलर मिळतील. एकच वापरा, दुसऱ्याची तोंडं स्लीव्ह आणि टेपने बंद करा, त्यात कायम करंट असू शकतो.

रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते. जिथे आधी ५ ते १० अँपिअर वाहत होते तिथे आता एवढंच. क्वचित एखाद्या गाडीचं बीसीएम याच गोष्टीवर रुसतं, ‘हॉर्न गायब आहे’ असं समजून फॉल्ट कोड नोंदवतं. तसं झालं तर मूळचा एक हॉर्न त्याच्या कपलरवर राहू द्या आणि रिलेचा इशारा त्याच्या समांतर घ्या. मूळ भार जसाच्या तसा दिसला की बीसीएमचा रुसवा जातो.

अर्थ बॉडीच्या बोल्टवर घ्यायचा. बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत पत्रा चमकेपर्यंत घासा, थिंबल बसवा, आवळा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर थेट अर्थ घेऊ नका: स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत त्या टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसलेला असतो, आणि पोलवरून घेतलेला करंट सेन्सरला टाळून जातो, त्याचा हिशेब चुकतो.

रिले उभा लावा, पिना खाली. तार सॉकेटकडे येताना आधी थोडी खाली झोका घेऊन मग वर यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून जातं. तारा एक्झॉस्ट, पंख्याची पाती आणि बॉनेटच्या बिजागरीपासून लांब. सगळं बांधून झाल्यावर निगेटिव्ह जोडा आणि शेवटी फ्यूज खोचा.

मोजून बघा, कानावर जाऊ नका

इंजिन चालू असताना बॅटरीवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं हॉर्नच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावून कोणाला तरी बटण दाबायला सांगा. बटण दाबलेलं असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तसंच हॉर्नचं अर्थ टर्मिनल ते बॅटरीचा निगेटिव्ह: ०.२ च्या आत. पहिला जास्त आला तर क्रिंप किंवा फ्यूज होल्डर ढिला, दुसरा जास्त आला तर बोल्टखाली रंग राहिलाय. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर जोडीचा एकूण करंट बघा. लेबलवरच्या बेरजेपेक्षा तो बराच जास्त असेल तर एक हॉर्न सदोष आहे. दोन-दोन सेकंदच दाबा. हे हॉर्न सलग वाजण्यासाठी बनलेले नसतात, कॉइल तापते.

मग रिमोटने गाडी लॉक करून बघा. काही गाड्या लॉक झाल्याचं सांगायला हॉर्नला निमिषभराचा इशारा देतात. रिले ओढला जायला ५ ते १० मिलिसेकंद घेतो, त्यामुळे पूर्वीची ‘पिप’ आता नुसती ‘टक’ होऊ शकते. तो बिघाड नाही.

नंतर काही बिनसलं तर

रिलेची टक ऐकू येते पण हॉर्न गप्प: अर्थ किंवा फ्यूज, या क्रमाने बघा. टकसुद्धा नाही: मूळ कपलरमधले स्पेड सरकलेत. हॉर्न सुरू झाला तो थांबेना: रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला आहे, नवीन फ्यूज होल्डर उघडून फ्यूज उपटा, त्यासाठीच तो हाताला येईल असा ठेवायचा. रिलेवर एक टिचकी मारून कॉन्टॅक्ट सुटतो, पण तो रिले आता टाकूनच द्या. आवाज पावसाळ्यात घोगरा होऊन उन्हात सुधारत असेल तर शंखात पाणी जातंय, तोंडाची दिशा बदला. एकच सूर येतोय: दुसऱ्याची तार किंवा त्याचा कॉन्टॅक्ट.

हॉर्न दाबला की म्युझिक सिस्टिम खरखरते किंवा पुन्हा सुरू होते, तर सप्लाय खरोखर बॅटरीवरूनच आहे ना ते तपासा. असेल तर बॅटरीकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ च्या खाली आणि हॉर्न दाबताच ११ कडे घसरणारी बॅटरी थकलेली आहे, हॉर्नने फक्त ते उघड केलं. नवीन हॉर्न लागल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला तर पुढचं सगळं थांबवा: कुठला तरी सेन्सर किंवा त्याचं कपलर हललं आहे, आणि ते स्कॅनर लावूनच बघायला हवं.

मूळ हॉर्न भंगारात देऊ नका, पिशवीत घालून ठेवा. वॉरंटीतल्या गाडीची एखादी विद्युत तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं असेल तर तारा कापल्या-जोडल्या का हेच आधी पाहिलं जातं. इथे काहीच कापलेलं नसल्याने स्पेड उपटायचे, मूळ हॉर्न त्याच बोल्टवर कसायचा, कपलर टक वाजेपर्यंत दाबायचं आणि नव्या लाइनचा फ्यूज काढून खिशात टाकायचा.